विमानतळावर घरची कॉफी: ३५० मिलीच्या फ्लास्कचे आठ महिने

बाबांच्या आजारपणामुळे जूनपासून दर पंधरवड्याला मुंबई-नागपूर करतेय. पहाटेचं पहिलं विमान, म्हणजे साडेतीनला घर सोडायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत टर्मिनलवर कॉफी विकत घेतली. अडीचशेच्या वर पैसे गेले, रांगेत वेळ गेला आणि गेट बंद होईल या धास्तीने चटके देणारा अर्धा कप टाकून पळावं लागलं. मग हा दुहेरी भिंतीचा स्टीलचा फ्लास्क आणला.

आत काय भरता यावर बरंच अवलंबून आहे. आधी दूध घातलेली तयार कॉफी न्यायचे. दोन तासांनी तिला उतू गेलेल्या दुधासारखा वास यायचा, आणि दूध फार वेळ कोमट राहिलं तर नासतंच. आता माटुंग्याहून पूड ताजी दळून आणते, ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. (पाकीटबंद घेणार असाल तर मागची बाजू वाचा, चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते.) रात्री फिल्टर लावून ठेवायचा, पहाटे डिकॉक्शनमध्ये, म्हणजे खाली उतरलेल्या दाट अर्कात, उकळतं पाणी घालायचं. दूध पावडर आणि साखर डबीत वेगळी. भरण्याआधी फ्लास्कमध्ये पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून द्या, फार फरक पडतो. सव्वातीनला भरलेली कॉफी पाचला फुंकून प्यावी लागते.

झाकणाबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. सोबत आलेलं झाकण बटण दाबून प्यायचं. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका उतरतो, पण बंद फ्लास्कमध्ये जमिनीवरचाच दाब राहतो. मी बटण दाबलं आणि कॉफीची चिळकांडी शेजारच्या काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. ते काही बोलले नाहीत, मला मात्र अजून वाईट वाटतं. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही, ती असायलाच हवी होती. आता आट्यांचं झाकण वेगळं घेतलंय. कॉफी गेटजवळ बसूनच पिते, आणि वर उघडायची वेळ आलीच तर फ्लास्क सरळ धरून आटे हळूहळू सैल करते.

झाकणातली रबरी रिंग आठवड्याला काढून खायच्या सोड्याने धुवा, नाहीतर वास धरते. सुरक्षा तपासणीत देशांतर्गत प्रवासात मला दोनदा उघडून दाखवायला सांगितलं, एकदा घोटभर प्यायला लावलं, बस्स. परदेशी जाणार असाल तर १०० मिलीची मर्यादा आहे, फ्लास्क रिकामाच न्या.

कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये आणि मग चेन्नईच्या विमानतळावर उडान यात्री कॅफे हे स्वस्त दरांचं उपाहारगृह सुरू झालं, चहा १० रुपये, कॉफी २० रुपये. अशी सोय प्रत्येक टर्मिनलवर हवी. पहाटे आजारी माणसाकडे निघालेल्याने गरम घोटासाठी अडीचशे का मोजावेत?

तरी मी फ्लास्क सोडणार नाही. गेटजवळ पूर्ण संपवत नाही, थोडी मुद्दाम ठेवते. सव्वाआठला नागपूरच्या घरी पोचते तेव्हाही ती पिण्याइतकी गरम असते. बाबांना डॉक्टरांनी दोन घोटांची परवानगी दिली आहे. बॅग खाली ठेवायच्या आत ते विचारतात, "आणलीस?"