वारशात आलेलं बिनसहीचं तैलचित्र: लिलावगृह, मूल्यमापक, प्रयोगशाळा की विक्रेता?

बिनसहीच्या चित्राबद्दल दोन प्रश्न असतात: हे कुणाचं, आणि याचे किती येतील. लोक ते एकत्रच विचारतात, पण उत्तरं वेगवेगळ्या दारी मिळतात. कुठल्या दारी आधी जायचं हे चित्राचं पुढे काय करायचंय यावर ठरतं: विकायचंय, भावंडांत वाटणी करायचीय की विमा उतरवून घरातच ठेवायचंय.

त्याआधी घरीच दोन गोष्टी बघून घ्या. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आकाश, गाल अशा सलग रंगाच्या जागा पाहा. रंगीत ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली तर ते छापील चित्र. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं जुनं छापील चित्र, जास्त फसवतो, कारण त्याच्यावर कॅनव्हासची वीण दाबून उठवलेली असते आणि वरून व्हार्निश असतं. टॉर्च बाजूने तिरपी धरा. हाताने रंगवलेल्या चित्रात रंगाचे उंचवटे आकाराबरोबर वळतात, पदराच्या घडीवर घडीच्या दिशेने जातात. छापील चित्रात खालचा आकार बदलला तरी पोत तोच राहतो.

मग चित्र उलटं करा. सही नसताना सर्वांत जास्त माहिती मागच्या बाजूलाच मिळते. कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटनसारख्या रंगविक्रेत्याचा शिक्का असेल तर त्यातल्या पत्त्यावरून काळ बराच आवळता येतो, कारण दुकानांचे पत्ते बदलत गेले. लाकडी चौकटीवर काळ्या स्टेन्सिलने छापलेले अंक-अक्षरं क्रिस्टीज या लिलावगृहाच्या जुन्या लिलावातली असू शकतात. तसं असेल तर त्यांच्या नोंदींतून लिलावाची तारीख सापडते. स्टेपल पिना दिसल्या म्हणून चित्र नवं ठरत नाही. जुना कॅनव्हास नव्या चौकटीवर ताणलेला असू शकतो. कडेला खिळ्यांची रिकामी भोकं आणि गंजाचे डाग शोधा. जुनी लेबलं काढू नका, फ्रेम बदलू नका आणि पुसापुशी तर अजिबात नको. ओलं फडकं फिरवलं की पाणी तड्यांतून रंगाखालच्या थरात, म्हणजे अस्तरात शिरतं, अस्तर फुगतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. असं नुकसान झालं की किंमत तिथेच पडते.

विकायचं असेल तर आधी लिलावगृह. समोरून, मागून, चारही कोपरे आणि प्रत्येक लेबल असे फोटो, फ्रेम सोडून उंची-रुंदी सेंटीमीटरमध्ये, आणि चित्र घरात कसं आलं याच्या चार ओळी एवढं पाठवलं की बहुतेक ठिकाणी प्राथमिक अंदाज फुकट मिळतो. रोज चित्रं हाताळणाऱ्यांची नजर इथे मिळते, हा मोठाच फायदा. पण अंदाज बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवला जातो, म्हणजे बोली लावणारे येतात. आलेल्या किमतीतून विक्रीचं कमिशन, फोटो आणि विम्याचा खर्च जातो, आणि न विकलेल्या चित्रावरही काही ठिकाणी आकार लागतो. शिवाय न विकल्याची नोंद इंटरनेटवर राहते आणि पुढचा गिऱ्हाईक ती बघतो. म्हणून एकाच उत्तरावर घाई करू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. ते काय शब्द वापरतात तेही नीट वाचा: ‘अमुक यांचं मानलेलं’, ‘त्यांच्या स्टुडिओतलं’, ‘वर्तुळातलं’, ‘अनुयायाचं’, ‘शैलीतलं’, ‘त्यांच्या चित्रावरून केलेलं’. या उतरंडीत साधारणपणे प्रत्येक पायरीला किंमत घसरते.

वाटणी किंवा विम्यासाठी स्वतंत्र मूल्यमापक बरा, कारण त्याला चित्र विकायचं नसतं. फी तासावर किंवा ठरावीक रकमेवर हवी. किमतीच्या टक्केवारीवर मागणाऱ्याला नकोच म्हणा, आकडा फुगवण्यात त्याचाच फायदा असतो. कशासाठी मूल्य हवंय ते पहिल्याच फोनवर सांगा. विम्यासाठी तसंच चित्र पुन्हा विकत घ्यायला काय लागेल तो आकडा धरतात, वाटणीसाठी बाजारात काय येईल तो. पहिला बराच मोठा असतो आणि दोन्ही बरोबर असतात. एका भावाने विम्याचा आकडा धरून हिस्सा मागितला की भांडण इथूनच सुरू होतं. अहवालात उद्देश, तारीख आणि तुलनेला घेतलेल्या विक्री असायलाच हव्यात. मात्र हा माणूस बहुधा चित्रकाराचं नाव सांगणार नाही. ‘अज्ञात चित्रकार’ धरूनच किंमत काढेल.

प्रयोगशाळेकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. ती चित्र कुणाचं नाही हे सांगू शकते, कुणाचं आहे हे एकटी सिद्ध करू शकत नाही. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या रंगांत 1920च्या दशकात आला. जर्मन चित्रकार हाइनरिश कॅम्पेनडॉंकच्या नावावर 2006 साली विकलेल्या, 1914 सालच्या म्हणवणाऱ्या चित्राचं बिंग याच पांढऱ्या रंगामुळे फुटलं. पण तोच रंग नंतरच्या डागडुजीतूनही आलेला असू शकतो. म्हणून आधी अतिनील दिव्याखाली पाहतात. जुन्या नैसर्गिक व्हार्निशची चमक हिरवट, तर त्यावर नंतर दिलेला रंगाचा हात काळपट दिसतो. नमुना त्या जागा टाळून घेतात. एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये (क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखायची तपासणी) चित्राला हात लागत नाही, पण सगळ्या थरांतली मूलद्रव्यं एकदम येतात आणि कुठलं कुठल्या थरातलं ते वेगळं ओळखावं लागतं. एखाद्या जाणकाराने नाव सुचवलेलं असेल तरच या खर्चात पडा.

चित्रांची खरेदी-विक्री करणारा विक्रेता रोख देतो आणि लगेच देतो, पण किंमत सांगणारा आणि घेणारा तोच. दुसऱ्या कुणाचा लेखी अंदाज हातात नसेल तर त्याच्याकडे फक्त चौकशी करा, चित्र तिथे ठेवून येऊ नका.