सीए फर्म पुण्याची की कोल्हापूरची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत मशीन शॉप चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी दोन्हीकडे काम दिलेलं आहे.

फी पुण्यात जास्त पडते, पण तेवढ्यावर मी निर्णय घेतला नसता. अंतराचंही आता फारसं अडत नाही. 2020 पासून इन्कम टॅक्सची असेसमेंट फेसलेस झाली आणि जीएसटी तर पोर्टलवरच चालतो. निर्यात, व्हॅल्युएशन, परदेशी भागीदारी ही कामं पुण्यातल्या फर्मच्या हातातली रोजची. आपल्याकडची हुशार पोरं सीए होऊन तिकडेच थांबतात, त्याचा हा परिणाम.

माझ्या बाबतीत घोडं पेंड खायचं ते जॉबवर्कच्या चलनांपाशी, म्हणजे काम करून घ्यायला बाहेर पाठवलेल्या मालाबरोबरच्या कागदांपाशी. आमचं कास्टिंग शिरोलीहून गोकुळ शिरगावला मशिनिंगला जातं आणि तिथून परस्पर हीट ट्रीटमेंटला. कायद्यात हे बसतं, फक्त आयटीसी-04 या जॉबवर्कच्या जीएसटी फॉर्ममध्ये दुसऱ्या चलनाची नोंद नीट लागते. पुण्यात आमची फाइल आर्टिकलकडे, म्हणजे सीए शिकणाऱ्या उमेदवाराकडे असायची. मुलगा हुशार, पण त्याला ही साखळी कळेपर्यंत त्याची मुदत संपत आलेली. 2023 पासून आर्टिकलशिप 3 ऐवजी 2 वर्षांची झाली, तेव्हा हे आणखी वाढणार. मग नवा मुलगा यादी पाठवायचा: "सर, हा माल परत आलेला दिसत नाही." माल वर्षाच्या आत आला नाही तर पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात, टॅक्स आणि वर 18 टक्के व्याज. त्यामुळे सोडूनही देता येत नाही. एकेक चलन काढून फोनवर समजावण्यात दुपार जायची, आणि पुढच्या मुलाला तेच पहिल्यापासून.

कोल्हापुरातल्या फर्मचे अकाउंटंट जुने आहेत. चलनावरचं जॉबवर्करचं नाव वाचलं की माल पुढे कुठे गेला असेल हे त्यांना कळतं. जॉबवर्करकडचं भंगार, तो नोंदणीकृत असेल तर, स्वतः टॅक्स भरून विकू शकतो, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. शिवाय ऑगस्ट 2025 पासून इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, म्हणजे टॅक्सच्या आदेशाविरुद्ध रिट याचिका करायची तर त्यासाठी मुंबई गाठायला नको.

तुमचा निम्म्याहून जास्त माल परदेशी जात असेल तर कदाचित पुणंच बरं पडेल. माझंही निर्यातीचं काम अजून तिकडेच आहे. बाकीच्यांनी ठरवण्याआधी एवढं विचारावं, की आमची चलनं कोण बघणार आणि तो माणूस पुढच्या वर्षी तिथे असेल का.