दोन लाख सत्त्याहत्तर हजार आणि एक मराठी सही

नाव लिहीत नाही. वकिलांनी बजावलंय की लिहिलंत तर उलट तुमच्यावरच मानहानीचा दावा लावेल, आणि आता मला त्याचं काहीच अशक्य वाटत नाही. एवढंच सांगतो की तो इंदूरचा, आपल्यातला, आमच्या गणपती मंडळातला. अकरा वर्षं माझ्याबरोबर घरोघर वर्गणी मागत फिरलेला माणूस.

आधीच सांगतो, मी भाबडा नाही. सव्वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. मंडळाचा कोषाध्यक्ष आहे. 'ओटीपी सांगा' म्हणणाऱ्यांना मी फोनवर झापलेलं आहे. मित्र उसने घेतो आणि मग फोन उचलत नाही, ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होती. तरी फसलो.

सुरुवात लहान रकमेने. 2023 च्या गणेश चतुर्थीला, 19 सप्टेंबरला, त्याने 15,000 मागितले. नऊ दिवसांनी, अनंत चतुर्दशीच्या रात्री, झांक्या म्हणजे मिरवणुकीतले देखावे बघायला राजवाड्याकडे उभे असताना त्याने खिशातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. मोजून तीस नोटा. हुकुमचंद मिलची झांकी समोरून जात होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा याच मिलमधे होते रे. पैसे अजून अडकलेत." मी हळहळलो. दहा-पंधरा हजार ठरल्या दिवशी, न मागता परत आले की त्या माणसाविषयी कान टवकारायचे, हे मला आज कळतं. तेव्हा मी घरी येऊन बायकोला म्हणालो, माणूस असावा तर असा.

मिल 1991 साली बंद पडली आणि कामगारांचे पैसे मोकळे झाले 2023 च्या 25 डिसेंबरला, पंतप्रधानांच्या हस्ते, सुमारे 224 कोटी. सगळ्या इंदूरने ती बातमी वाचली. तिसऱ्या दिवशी हा दारात. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला, फी आणि हॉस्टेल मिळून आत्ता भरायचे आहेत, बाबांचा हिस्सा महिन्या-दोन महिन्यांत येतोच आहे, वारसाचे कागद दिलेत. मला सांगा, यात संशय घ्यायला जागा कुठे होती? बातमी खरी, मिल खरी, आकडा खरा. खोटे फक्त त्याचे बाबा.

28 डिसेंबर 2023 ला 1,00,000 एनईएफटी. 4 जानेवारी 2024 ला 1,25,000 एनईएफटी, एफडी मोडून, व्याजाचं नुकसान सोसून. त्याच दिवशी 60,000 रोख, कारण 'हॉस्टेलवाला कॅशच घेतो'. एकूण 2,85,000. व्याज एक पैसा ठरवला नाही. कागद केला नाही. कागद मागायला लाज वाटली. लाज त्याला वाटायला हवी होती, पण त्या दिवशी ती माझ्याच वाट्याला आली.

रोख देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घेणं आयकराच्या नियमांतच बसत नाही. दंड घेणाऱ्याला असतो, पण कोर्टात विचित्र दिसतो तो देणारा. आणि एनईएफटी करताना शेऱ्याच्या जागी 'उसने' असा एक शब्द टाका. माझे दोन्ही शेरे रिकामे आहेत.

पुढचं वर्षभर जे झालं ते तुम्हाला पाठ असेल. वारसाचे कागद अडकले, साहेब रजेवर गेले, त्याच्या मेव्हण्याचं ऑपरेशन निघालं, पितृपक्ष आला. मधे दोनदा पैसे दिले, 5,000 आणि 3,000, दोन्ही रोख, दोन्ही रस्त्यात, स्कूटर चालू ठेवून. मी खूश, म्हटलं नियत साफ आहे. वकील नंतर म्हणाले, तेच खात्यात टाकून वर एक ओळ लिहून दिली असती, 'बाकीतून एवढे परत केले', सहीसकट, तर तुमची मुदत तिथून पुन्हा तीन वर्षं मोजली गेली असती. उसन्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, पैसे दिल्या तारखेपासून. हे त्याला माहीत होतं असं मला आता वाटतं. व्हॉट्सअॅपवर तो पैशाबद्दल अक्षर लिहायचा नाही. मी लिहायचो, तो अंगठा पाठवायचा. कधी फोन करून म्हणायचा, "मिळतील रे भिया, मिलवाल्यांना बत्तीस वर्षांनी मिळालेच ना!" आणि मी हसायचो. हसायचो!

आता ते, जे आठवून रात्री उठून बसतो.

10 मार्च 2025, सकाळ. मी चिडलोय हे कळल्यावर तो चेकबुक घेऊनच आला. बायकोने पोहे केले होते. त्याने वर सेव घेतली, जीरावण घेतलं, लिंबू पिळलं, दोनदा घेतले. मग हात पुसून चेक फाडला आणि म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं, तूच भर." मी भरला. माझं नाव, तारीख, 2,77,000 आकड्यात, अक्षरी, 'फक्त' लिहून दोन रेघा, सगळं माझ्या पेनाने, माझ्या वळणदार अक्षरात. त्याने फक्त सही केली. पण कशी? मराठीत. सावकाश, पूर्ण नाव, वर लांबलचक शिरोरेषा, शेवटी खाली दोन टिंबं. चेकच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा ठसा उमटला त्याच्या अंगठ्याचा.

मी म्हणालो, "वा! मराठीत सही!"

तो म्हणाला, "परप्रांतात राहून आपण नाही करायची तर कोणी करायची?"

मला भरून आलं. खरंच सांगतो, आलं. पणजोबा होळकरांच्या नोकरीत इथे आले, मुलं हिंदीत भांडतात, नातीला 'ळ' म्हणता येत नाही, आणि हा बघा. अकरा वर्षं मी त्या माणसाने फाडलेल्या वर्गणीच्या पावत्या तपासल्या आहेत. प्रत्येक स्थळप्रतीवर त्याची सही इंग्रजीत, एक गुंतवळ आणि खाली फराटा. शेकडो वेळा बघितलेली. कोषाध्यक्ष मी. ती माझ्या डोळ्यासमोर यायला हवी होती. आली नाही, कारण मी गहिवरत होतो.

"आत्ता टाकू नको, खात्यात येऊ दे." रंगपंचमीची गेर, रंगांची मिरवणूक, झाली, एप्रिल गेला, मे गेला. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, हे मला माहीत होतं, तेवढा हुशार मी आहेच, म्हणून 3 जूनला टाकला. 4 जूनला परत. कारण : सही जुळत नाही. वर माझ्याच खात्यातून 118 रुपये कापले.

बँकेतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "पैसे नसल्याने परत आला असता तर केस झाली असती. सही का मामला है, दूसरा चेक ले लो." मी विश्वास ठेवला, खिडकीच्या पलीकडे बसलेला माणूस शहाणाच असतो ना! त्या मित्राला फोन केला तर तो माझ्याहून जास्त भडकलेला. "बँकवाले गधे आहेत! दोन दिवसांत दुसरा देतो." दोन दिवसांचे अडतीस झाले.

12 जुलैला वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी मेमो, म्हणजे चेक परतल्याची बँकेची चिठ्ठी, बघितला, तारीख बघितली आणि चष्मा काढून ठेवला. सही जुळत नाही म्हणून परत आलेल्या चेकवरही कलम 138, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागतं, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच सांगितलंय. पण चेक परतल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. मग त्याला पंधरा दिवस, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार. माझे तीस दिवस 4 जुलैला संपले. किंवा 9 जूनपर्यंत तोच चेक पुन्हा टाकला असता तर नवा मेमो, नवे तीस दिवस. आठ दिवसांनी हुकला तो रस्ता, ज्यात समोरच्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड होऊ शकला असता. चेक परत आला की बँकेतल्या कोणालाही काहीही विचारू नका. मेमो घ्या, त्यावर तारीख आहे का बघा, त्याच दिवशी वकिलांकडे.

मग मी पोलिसात गेलो, कारण तोवर मला बाबांचं कळलं होतं. जुलैमधेच एका तेराव्याला त्याचा चुलतभाऊ भेटला. मी सहज विचारलं, काकांचे मिलचे पैसे आले का? तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "कसली मिल? काका देवासला शाळेत मास्तर होते."

म्हणजे पहिल्या दिवसापासून खोटं. पैसे परत न करणं वेगळं आणि खोटं सांगून काढून घेणं वेगळं, दुसरी सरळ फसवणूक, एवढं मला कळतं. ठाण्यातल्या दीवानजींना, म्हणजे हवालदारांना, कळत नाही. पहिलं वाक्य, "बाऊजी, ये तो सिविल मैटर है." मी म्हटलं, मिलचं खोटं सांगितलं. "आपने पूछा नहीं था?" आवेदन घेतलं, पावती देईनात. पावतीसाठी तीन चकरा. मग म्हणाले तो राहतो त्या ठाण्यात जा. त्या ठाण्यात म्हणाले पैसे जिथून गेले तिथे जा. मी दोन ठाण्यांच्या मधे जुलैच्या पावसात स्कूटरवर, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एकदा तर दोघा साहेबांत चर्चा रंगली की कलम कोणतं : पैसे डिसेंबर 2023 चे, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 420, चेक मार्च 2025 चा, म्हणजे नव्या संहितेतलं 318. अर्धा तास. चहा आला, त्यांना. शेवटी ठरलं की दोन्ही लागत नाहीत. 22 जुलैच्या मंगळवारी जनसुनवाईत टोकन घेऊन बसलो, मोठ्या साहेबांनी चाळीस सेकंदांत अर्जावर तिरकं काहीतरी लिहिलं आणि अर्ज फिरून त्याच दीवानजींच्या टेबलावर आला. हेल्पलाइनवर तक्रार केली. महिन्याभराने एका मुलीचा फोन, "सर, आप संतुष्ट हैं?" मी म्हटलं नाही. तरी तक्रार बंद. शेरा : आवेदकास न्यायालयात जाण्याचा सल्ला देण्यात आला. हा सल्ला द्यायला पाच टेबलं लागली! माझ्या खात्यात गफलत असती तर चोवीस तासांत नोटीस आली असती.

तोवर मी पोलिसात गेल्याचं त्या मित्राला कळलं होतं. निरोप आला, जास्त केलंस तर बिनापरवाना सावकारी करतो म्हणून अर्ज देईन. ज्याने एक पैसा व्याज घेतलं नाही त्याच्यावर! घाबरू नका अशा निरोपाला. मी दोन रात्री घाबरलो.

शेवटी वकिलांची नोटीस, 2,500 रुपये. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. 'घर बंद' शेऱ्याने परत. ती फोडू नका, तशीच बंद जपून ठेवा. बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस कोर्ट पोचल्यातच धरतं. दावा नोव्हेंबरमध्ये लावला, वकिलांची फी 20,000, कोर्ट फी निराळी. व्हॉट्सअॅपचे संदेश लावायचे तर नुसते कागदावर छापून चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे अंगठे सर्टिफिकेट लावून दाखल केलेत.

त्याचं उत्तर आलं. खात्यात आलेले 2,25,000 हे मांडवाच्या कामाचे होते म्हणे. रोख मिळालीच नाही. आणि चेक? चेक हरवला होता, त्यावरचा सगळा मजकूर वादीच्या अक्षरात आहे, आणि सही माझी नाहीच, मी सही नेहमी इंग्रजीत करतो.

मी तडक मंडळाचं कपाट उघडलं. अकरा वर्षांची पावतीपुस्तकं, दोन पोती, रिक्षात घालून वकिलांच्या ऑफिसात नेली. घामाघूम होऊन त्यांच्यासमोर उघडली, हे बघा त्याची सही, हे बघा, हेही बघा. वकिलांनी पाच-सहा पानं उलटली आणि म्हणाले, "अहो, सगळ्या इंग्रजीत आहेत. हे तर तो स्वतःच आणून देईल."

पोती परत आणली. रिक्षाचे 160.

आता मी त्याची मराठी सही शोधतोय. कुठेही, कसलीही. हायकोर्टाच्या निवाड्यांसारख्या जुन्या लग्नांच्या आहेराच्या याद्या चाळतोय. बायकोला आठवलं की आमच्या आईच्या वेळी, 2017 साली, शोकसभेच्या वहीत त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. वही माळ्यावर सापडली. त्याची ओळ आहे, मराठीत, छान अक्षर. खाली नाव नाही. दोन टिंबं मात्र आहेत, तशीच, एकाखाली एक नाही, शेजारी शेजारी. वकील म्हणाले, अक्षरतज्ज्ञाला दाखवू, त्याची फी वेगळी.

पुढची तारीख 17 एप्रिल.