बोलणं लिहून दाखवणारं कॅप्शन अ‍ॅप, चार महिने वापरून: शब्द पोचतात, सूर नाही

बाबांना ऐकायला कमी येतं. कानाला मशीन आहे, पण एका वेळी तिघं बोलायला लागले की मशीन असून नसल्यासारखं, आवाज मोठा होतो पण स, श, फ असले बारीक आवाज निसटतात आणि मग शब्दच लागत नाही. म्हणून चार महिन्यांपूर्वी फोनवर लाइव्ह कॅप्शनचं अ‍ॅप घेतलं, समोरचा बोलेल तसं मराठीत स्क्रीनवर उमटत जातं. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अशी आणखी दोन वापरून बघितली आणि अडचण तिन्हीकडे तीच.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. एकच माणूस फोनजवळ नीट बोलत असेल तर शब्द जवळपास सगळे बरोबर येतात. आधी "वाट" लिहितं, मग पुढचे दोन शब्द ऐकून स्वतःच "पाठ" करतं, म्हणजे मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. पहिल्याच आठवड्यात बाबा कितीतरी महिन्यांनी आमच्या गप्पांमध्ये स्वतःहून बोलले. एवढ्यासाठीसुद्धा मी हे अ‍ॅप कुणालाही सुचवेन.

पण बाबांनी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, व्याकरण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि त्यांना महिनाभरात जे कळलं ते मला कळलं नसतं. एकदा स्क्रीनवर नुसतं "झालं" आलं आणि त्यांनी मान वर करून विचारलं, कुठलं झालं? मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, आपण "झालं?" असं विचारतो, "झालं." असं काम संपल्यावर सांगतो, आणि काहीतरी बिघडलं की "झालं!" असं कपाळावर हात मारून म्हणतो, तीनही वेळा अक्षरं तीच. अ‍ॅप चिन्हं देतं म्हणतात पण आमच्याकडे बहुतेक वेळा नुसता पूर्णविराम येतो. "तू येणार" हे विचारलंय की सांगितलंय ते मराठीत कधीकधी फक्त सुरावर ठरतं, शेवटी "का" लावायला कोण थांबतंय. "हो का" तर विचारूच नका, खरंच आश्चर्य वाटलं, की पटलं नाही, की विषय संपव म्हणतोय, सगळं त्या दोन शब्दांत.

आणि गंमत बघा, स्क्रीन वाचायला खाली बघावं लागतं, म्हणजे ज्या चेहऱ्यावरून सूर ओळखता आला असता तोच नजरेआड जातो. "ते तिकडे ठेव" असं कुणी म्हटलं की बाबा वाचतात आणि वर बघेपर्यंत बोट खाली गेलेलं असतं. शब्द शंभर टक्के बरोबर, अर्थ शून्य.

दुसरी गोष्ट गॅपची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचलं नाही. 2009 साली दहा भाषांमधलं बोलणं मोजून एक अभ्यास आला होता, त्यात हो-नाहीचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण 200 मिलिसेकंद जातात असं निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. इतक्या पटकन आपण बोलतो, म्हणूनच जरा जास्त वेळ गेला की समोरच्याला कळतं, गडी नाही म्हणणार आहे किंवा हो म्हणेल पण मनापासून नाही. अ‍ॅपवर "येशील ना" च्या खाली "हो" दिसतं. मधली शांतता दिसत नाही. शिवाय "अं", "म्हणजे", "तसं बघायला गेलं तर" हे सगळं ते कचरा समजून गाळून टाकतं (सेटिंगमध्ये बंद करता येतं, पहिल्या दिवशीच करा), आणि माणूस आढेवेढे घेतोय हे त्या कचऱ्यातच तर असतं.

मात्र सगळंच हरवतं असं नाही, आणि इथे मला खरं नवल वाटलं. बहीण एक घर बघून आली, बाबांनी विचारलं कसं आहे घर, ती म्हणाली "जिना चांगला आहे." बाबांनी स्क्रीनवर वाचलं आणि लगेच म्हणाले, मग नको घेऊ. त्यांना ना सूर ऐकू आला ना चेहरा दिसला, तरी बरोब्बर कळलं. कारण ते न बोललेल्यावरून कळतं, घराबद्दल विचारल्यावर कुणी फक्त जिन्याचं सांगितलं तर बाकी सांगण्यासारखं नाही हे आपण आपोआप धरतो. पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने 1967 मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं, की बोलणारा पुरेसं, खरं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलतोय असं आपण गृहीत धरतो, आणि त्यात कुठे कमी पडलं की त्या कमीमधूनच अर्थ काढतो. बाबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, ही व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडचा सुचवलेला अर्थ, आमच्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन नवव्या शतकात सांगून गेला. मग मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराचं उदाहरण दिलं, "सूर्य मावळला" एवढंच वाक्य, गुराख्यासाठी गुरं घरी न्यायची वेळ, पूजा करणाऱ्यासाठी संध्येची वेळ, ज्याची वाट बघतोय तो आलाच नाही अशा माणसासाठी आणखीनच वेगळं. अ‍ॅप अभिधेपर्यंत, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थापर्यंत, नेऊन सोडतं, म्हणाले, पुढचं आपण चालायचं. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, खूश होते.

आता जे खरंच वाईट झालं ते. अ‍ॅपमध्ये "सारांश" म्हणून एक सोय आहे, बोलणं संपलं की चार ओळींत मुद्दे काढून देतं. दादाचा फोन होता, तो म्हणाला "बघू, जमलं तर रविवारी येतो." सारांशात आलं, "रविवारी येण्याचे ठरले." बाबांनी मूळ बोलणं पुन्हा वाचलं नाही, सारांश वाचला. रविवारी सकाळपासून खिडकीत बसून होते. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा दादाला काहीच माहीत नव्हतं, त्याचंही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मला फार राग आला, अजूनही येतो. कॅप्शनमध्ये शब्द चुकला तर माणसाला संशय तरी येतो, इथे वाक्य सरळ, शुद्ध, छापल्यासारखं. जे. एल. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने 1955 च्या व्याख्यानांत दाखवलं होतं की बोलणं म्हणजे नुसती माहिती नसते, ते एक काम असतं, वचन देणं, नकार देणं, टाळणं. दादाने वचन दिलंच नव्हतं. अ‍ॅपने त्याच्या तोंडी घातलं. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस यावर अवलंबून आहे त्यांनी सारांश आजच्या आज बंद करा, कृपया.

वापरायचं असेल तर माझा अनुभव असा की फोन हातात न ठेवता स्टँडवर, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याच्या अगदी शेजारी ठेवा म्हणजे एकाच नजरेत अक्षरं आणि चेहरा दोन्ही येतात. याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच अपडेटने पडला नाही. बोलणाऱ्यांनाही सांगून ठेवा, सुराचं काम शब्दांवर घ्या. आम्ही आता "विचारतेय हं" असं जोडतो.

पाचपैकी तीन स्टार. नुसत्या कॅप्शनला चार दिले असते. थांबलेला वेळ दोन टिंबांनी जरी दाखवला तरी मी येऊन रेटिंग बदलेन, त्यांना तसं लिहूनही कळवलंय.

काल परत दादाचा फोन आला होता. बाबांनी स्क्रीनवर "बघू" वाचलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, कसं म्हणाला? मी म्हटलं, हसत म्हणाला बाबा, येईल बहुतेक.