कंपनीफिटेड सीएनजीवर परभणी ते कच्छ: एका हिवाळ्याचा अनुभव

ज्यांना गाडी फक्त शहरात फिरवायची आहे त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. माझा प्रश्न वेगळा होता. परभणीसारख्या ठिकाणी राहून, चार माणसं आणि सामान घेऊन, सीएनजी गाडीने लांबचा प्रवास सुखाने होतो का? पावसाळा संपता संपता गाडी घेतली. हिवाळाभर नांदेड, लातूर, संभाजीनगर असं फिरणं झालं आणि डिसेंबरात आई-बाबांना घेऊन थेट कच्छच्या रणापर्यंत जाऊन आलो. माझं मत आधीच सांगतो: पैसे नक्की वाचतात, पण बरेचसे गुजरातेत गेल्यावर. डोकं मात्र मराठवाड्यातच खर्च होतं.

सीएनजीकडे वळलो त्याला कारण आमचं गाव. पेट्रोलचे दर चढले की राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत, ही बातमी आम्ही कितीदा वाचली असेल! मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतो, त्याचं भाडं शेवटी लिटरमागेच लागतं. त्यात आता पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडं तरी पडणारच. हिवाळ्यात पहाटे निघालं की पुढे उसाने भरलेल्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यातल्याच काही उसाचं पेट्रोल होऊन आपल्या टाकीत येणार, असं बाबा दर ट्रॉलीला म्हणायचे.

हिशेब सोपा आहे. घरच्या भागात पेट्रोल 105 रुपये लिटर आणि सीएनजी 90 रुपये किलो धरा. माझी गाडी हायवेवर पेट्रोलला 18 आणि सीएनजीला 26 देते. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला 5 रुपये 80 पैसे, सीएनजीवर साडेतीनच्या आत. किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये सुटतात. पण सीएनजी मॉडेलला शोरूममध्येच नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजलेले असतात, ते वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पाच-सात हजारच फिरणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

आता खरा मुद्दा, टप्प्यांचा. सिलिंडर 60 लिटरचं असं ब्रोशरमध्ये लिहितात, पण ते पाण्याचं माप आहे. 200 बारच्या दाबाला त्यात प्रत्यक्ष आठ, फार तर नऊ किलो गॅस बसतो. त्यामुळे एका भरण्यात दोनशे किलोमीटरच धरायचे. परभणी ते संभाजीनगर जिंतूर-मंठा-जालना मार्गे अंतर किती? तेही दोनशेच्याच घरात. म्हणजे पहिलाच टप्पा काठावरचा! घरून काटा पूर्ण वर असताना निघालो तरी मंठा गेल्यावर नजर पुनःपुन्हा काट्यावर. म्हणून मी जालन्यातच भरतो, अर्धा रिकामा असला तरी. रांग मोठी असेल तर पुढे संभाजीनगर आहेच, पण तो माझा दुसरा पर्याय असतो, पहिला नाही.

इथे एक गोष्ट नवीन गाडीवाल्याला कोणी सांगत नाही. सगळे सीएनजी पंप सारखे नसतात. काही थेट पाइपलाइनवर आहेत, तिथे दाब कायम चांगला. बाकीच्यांना गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांच्या संचातून येतो. ट्रक नुकताच लागला असेल तर गाडी झटक्यात फुल. संच उतरत आला की दाब पडतो आणि पंपावरचा पोरगा सांगतो, “काका, प्रेशर नाही बघा, चारच किलो बसंल.” चार किलो म्हणजे शंभर किलोमीटर, आणि त्यासाठी पाऊण तास रांग. धुळ्याच्या अलीकडे एका पंपावर तर ट्रकच आलेला नव्हता. नकाशावर मात्र पंप चालू दिसत होता. तेव्हापासून नियम केला: निघायच्या आधी पुढच्या दोन पंपांना फोन करून “गॅस आहे का” एवढंच न विचारता “प्रेशर किती आहे” असं विचारायचं. उत्तर देणारा अडखळला की पुढचा पंप गाठायचा.

वेळही महत्त्वाची. शहरात संध्याकाळी रिक्षावाल्यांची रांग असते, तेव्हा जाऊच नये. जेवण झाल्यावर रात्री दहा-अकराला किंवा पहाटे भरलं की सुटका.

आणि इथे हिवाळा आपल्या बाजूने असतो. थंड गॅस आकसतो, त्यामुळे त्याच दाबाला सिलिंडरमध्ये जास्त मावतो. 40 अंशांच्या उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा 15 अंशांच्या पहाटे आठ-दहा टक्के जास्त, म्हणजे अर्धा किलो ते पाऊण किलो. मला ते काट्यावर नाही, पावतीवर दिसलं. उलट रिकाम्या सिलिंडरमध्ये भराभर गॅस सोडला की तो तापतो, 200 दाखवून पंप थांबतो, आणि गाडी थंड झाली की काटा थोडा खाली येतो. गळती आहे समजून घाबरू नका.

थंडीचं देणं मात्र एक आहे. माझी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावरच सीएनजीवर जाते. (काही कंपन्यांच्या गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, घेताना हे विचारून घ्या.) कृषी विद्यापीठात पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत हा बदल व्हायला बराच वेळ लागतो. गावातल्या गावात दूध-भाजीला गेलं तर सगळी फेरी पेट्रोलवरच होते. लांबच्या प्रवासात ते जाणवत नाही. पण पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून फिरायची सवय असेल तर ती सोडा. मी दहा लिटर कायम ठेवतो. टायरची हवाही थंडीत बघायला हवी: दहा अंश उतरले की एक-दोन पीएसआय कमी होते आणि भरल्या गाडीत ॲव्हरेज तिथेच गळतं.

कच्छचा प्रवास. जालना ते संभाजीनगर समृद्धीने गेलो नाही. टोल किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे, शिवाय 120 च्या वेगाला सीएनजीचं ॲव्हरेज कुठल्या कुठे जातं. मग वाचवलं काय? जुन्या रस्त्याने 80-85 वर छान चाललो. राष्ट्रीय महामार्गांसाठी तीन हजारांचा फास्टॅगचा वार्षिक पास काढला होता. तो 200 फेऱ्यांना किंवा वर्षभर, जे आधी संपेल तोवर चालतो, पण समृद्धीवर लागू नाही, हे लक्षात ठेवा.

कन्नडचा औट्रम घाट जड वाहनांना बंदी आल्यापासून जाताना अगदी मोकळा. येताना चढावर सीएनजीचा दम कमी पडतो हे खरं. आई म्हणाली, “गाडी रडायला लागली की.” बटण दाबून पेट्रोलवर घेतली, घाट चढून गेल्यावर परत सीएनजी. त्यात कमीपणा काही नाही, बटण त्यासाठीच दिलंय.

धुळे, साक्री, विसरवाडी, नवापूर. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. इंधनाचा भावही तिथेच पालटतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपये स्वस्त मिळालं आणि सीएनजीही स्वस्त. सोनगड ओलांडल्यावर मी पंपांच्या हिशेबाची वहीच मिटली. बारडोली, सुरत, बडोदा, अहमदाबाद, भचाऊ, जिथे थांबावंसं वाटलं तिथे पंप, दाब चांगला, रांग दहा मिनिटांची. चहाचा थांबा तोच गॅसचा थांबा. भुजला मात्र आदल्या रात्रीच भरून ठेवलं, कारण रणाच्या काठावरच्या धोरडोला जाऊन येणं दीड-पावणेदोनशे किलोमीटरचं आणि वाटेत भिरंडियाराला रणाच्या परमिटच्या रांगेत गाडी उभी राहते.

एकूण सत्तावीसशे किलोमीटरच्या आसपास झाले. निव्वळ पेट्रोलवर साधारण पंधरा हजार गेले असते. सीएनजी आणि अधूनमधून लागलेलं पेट्रोल मिळून दहा हजारांच्या आत आटपलं. वाचलेल्या पाच हजारांत भुजला आईची भरतकामाची खरेदी झाली.

तक्रारीही लिहितो. डिकी म्हणजे नावाला. सिलिंडरच्या पुढे दोन हातपिशव्या आणि रजया कोंबल्या, बॅगा कॅरियरवर बांधाव्या लागल्या, आणि कॅरियरने वाऱ्याचा अडथळा वाढून किलोला दीड-दोन किलोमीटर खाल्ले. सामान जास्त नेणाऱ्यांनी दोन छोट्या सिलिंडरवाली मॉडेल्स बघावीत. भरताना सगळ्यांनी उतरायचं असतं. पहाटेच्या थंडीत आई-बाबांना दर थांब्याला खाली उतरवणं जिवावर येतं, पण तो नियम मोडू नका. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्च आणि तो दिवस आत्ताच डायरीत लिहून ठेवा.

देगलूर-बिलोलीकडून हैदराबादला जाणाऱ्यांसाठी एवढंच, माझं त्या बाजूला पेट्रोल गाडीनेच जाणं झालंय: तेलंगणात पेट्रोल आपल्यापेक्षा महाग आहे, तेव्हा टाकी अलीकडेच भरा. उदगीर-निलंग्याहून बिदरकडे जाणारे मात्र सीमा ओलांडून भरतात. दर रोज सकाळी सहाला बदलतात, निघायच्या दिवशीचा बघून घ्या.