आरडी-८८ की सीपी७३? स्टेजवर न्यायचा पियानो निवडताना

६१ कीजच्या कीबोर्डवरून हॅमर कीजकडे, म्हणजे पियानोसारख्या वजनदार कीजकडे वळायचं, आणि कार्यक्रमालाही तोच न्यायचा, असं ठरवलेल्या वादकाची गाडी बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन अडते: रोलंडचा आरडी-८८ आणि यामाहाचा सीपी७३. दुकानात हेडफोन लावला की दोन्हींचा पियानो झकास वाटतो, आणि ज्याचा जरा जास्त चमकदार वाटेल तो घेऊन माणूस घरी येतो. स्टेजवर त्या चमकेला फारसं कोणी विचारत नाही. तिथे कामाला येतं ते वजन, वायर आणि दोन गाण्यांच्या मध्ये हाताला मिळणारा वेळ.

तुमचे कार्यक्रम ऑर्केस्ट्राचे असतील, म्हणजे एका रात्रीत बासरी, शहनाई, सतार, व्हायोलिनचे पीस, वर एखादी लावणी, तर मी म्हणेन दोन्हींपैकी एकही घेऊ नका. हॅमर कीजवर त्या झपाट्याचे पीस वाजवताना मनगट भरून येतं. त्या कामाला रोलंडच्याच एक्सपीएस-३० सारखा हलका सिंथ बरा, भारतीय टोनही त्यात तयार मिळतात. पुढचं सगळं गझल, भावगीत, जॅझ किंवा स्वतःच्या बँडसोबत मुख्यतः पियानो आणि इलेक्ट्रिक पियानो वाजवणाऱ्यांसाठी.

कीजचा फरक हाताला लगेच कळतो. आरडीला पूर्ण ८८ कीज, खर्जात जड आणि वर जाताना हलक्या होत जाणाऱ्या, अकूस्टिक पियानोत असतात तशा. सीपी७३ मध्ये सगळीकडे सारखंच वजन. पेटी किंवा सिंथवरून आलेल्या हाताला सीपी पटकन सरावतो. पियानोच्या परीक्षा देणाऱ्याला किंवा एकट्याने पूर्ण पियानो वाजवणाऱ्याला आरडीच हवा. ७३ कीजमध्ये खर्जाचा जो तुकडा जातो त्याचं बँडमध्ये फार दुःख करू नये. तिथे बेस गिटारवाला बसलेला असतो आणि तुमचा डावा हात तिथे आला की तोच वैतागतो.

वजनाची गंमत अशी की १५ कीज कमी असूनही सीपी७३ जेमतेम ४०० ग्रॅमने हलका आहे: १३.१ किलो, आणि आरडी १३.५. पण लांबी बघा. सीपी साधारण १०९ सेंटीमीटर, आरडी १२८. पहिला केससकट छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा मावतो. दुसऱ्यासाठी सीट पाडावी लागते, म्हणजे गाडीतून येणारा तबलजी रिक्षाने येणार.

आता वायरी. यावर दुकानात कोणी बोलत नाही, आणि माझा कौल निम्मा इथेच ठरतो. सीपी७३ ला कॉम्प्युटरला लागते तीच साधी पॉवर केबल चालते. घरी विसरलात तर साउंडवाल्याच्या पेटीतून हमखास निघते. आरडी-८८ अॅडॅप्टरवर चालतो. तो विसरला किंवा त्याची पिन कोणाच्या पायाखाली आली, तर तालुक्याच्या गावी संध्याकाळी सात वाजता तो मिळणार कुठे? आरडीवाल्याने दुसरा अॅडॅप्टर घेऊन ठेवावा आणि तो खर्च किमतीतच धरावा. आउटपुटचंही तसंच. सीपीच्या मागे एक्सएलआर सॉकेट आहेत, माइकचीच केबल लावून थेट स्टेज बॉक्सला, म्हणजे स्टेजवरच्या वायरी मिक्सरकडे नेणाऱ्या पेटीला, जाता येतं. आरडीचे जॅक साधे, म्हणजे लांबच्या मिक्सरपर्यंत जायला डीआय बॉक्स, म्हणजे साध्या जॅकचा आवाज माइकच्या केबलवर चढवणारी डबी, लागणार. साउंडवाल्याकडे तो असतो, पण ढोलकी-तबल्याचे माइक लावून झाल्यावर तुमचा नंबर येईपर्यंत उरतोच असं नाही.

याच्या उलट, घरगुती मैफल असेल, तीस-चाळीस माणसं आणि साउंड सिस्टिम नाहीच, तर आरडी बाजी मारतो. त्यात सहा-सहा वॉटचे दोन स्पीकर आहेत. हॉलमध्ये ते ऐकूही येणार नाहीत, पण दिवाणखान्यात आणि रिहर्सलला पुरतात. माइकचं इनपुटही आहे. सीपीला स्पीकर नाहीत. रियाजाला हेडफोन, नाहीतर वेगळा मॉनिटर.

टोनची संख्या मोजायची तर आरडी कुठल्या कुठे पुढे आहे, तीन हजारांच्या वर. सीपीत मोजकेच, पण पियानो, इलेक्ट्रिक पियानो आणि बाकीचे टोन अशा तिन्हींना पॅनेलवर आपापला खटका आहे. अंधारात, गायकाकडे बघत बघत स्ट्रिंग्जचा खटका वर केला की झालं. आरडीत बरंच काही स्क्रीनवर शोधावं लागतं, म्हणून घरीच गाण्यांच्या क्रमाने सीन, म्हणजे टोनच्या साठवलेल्या जुळण्या, बसवून न्यावे लागतात. ज्यांचा क्रम ठरलेला असतो त्यांना यात अडचण नाही. आमच्याकडे गायक ऐनवेळी "हे काळी चारमध्ये घेऊ" म्हणतो आणि श्रोत्यांची फर्माईश मधेच घुसते, तिथे खटकेच बरे. ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून स्वर बदलण्याची सोय, दोन्हींत आहे, आणि ते लावण्यात काही कमीपणा नाही. पुढच्या गाण्याआधी काढायचं तेवढं लक्षात ठेवा.

बजेट या दोघांच्या किमतीपेक्षा कमी असेल तर कॅसिओचा पीएक्स-एस३१०० बघावा. ११.४ किलो, ८८ कीज, आणि पेन्सिल सेलवरही चालतो, त्यामुळे वीज गेली तरी गाणं थांबत नाही. मात्र बोटं कीजच्या मागच्या टोकाशी गेली की त्या फार घट्ट लागतात. नॉर्ड स्टेज ४ उत्तमच, प्रश्न फक्त पैशांचा. ऑर्गन भरपूर वाजवत नसाल तर त्यातल्या निम्म्या पॅनेलचे पैसे फुकट.

आरडी आणि सीपी या दोघांत सहसा आरडी स्वस्त पडतो. तरी साउंड सिस्टिमवर, बँडसोबत वाजवणाऱ्याला मी सीपी७३ च सुचवेन. पैसे देण्याआधी दुकानदाराला हेडफोन काढून फक्त डाव्या, मोनो लिहिलेल्या जॅकमधून एका स्पीकरवर वाजवून दाखवायला सांगा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी कीबोर्डला मिक्सरवर एकच चॅनेल मिळतो, आणि स्टिरिओत भरदार वाटलेला पियानो मोनोत पोकळ होऊ शकतो. आतले तीन-चार पियानो तसेच ऐकून बघा. हेडफोनवर दुसऱ्या नंबरचा वाटलेला पियानो कधीकधी इथे पहिला येतो.