व्होल्टेज प्रोटेक्टर: जूनपासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

घरात शिलाईचं मशीन चालवत असाल तर स्पाइक गार्डच्या (झटके गिळणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या) आधी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं किंवा घसरलं की घराचा पुरवठा तोडणारा, बसवून घ्या. माझ्याकडे तो जूनपासून आहे. अख्खा पावसाळा, गणपती आणि दिवाळीचे ब्लाउज त्याच्यावर काढले, म्हणून आता बोलते. एमसीबीच्या (जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी रेलवर बसणारा, ६३ अँपिअरचा, समोर व्होल्टेजचे आकडे दाखवणारा नेहमीचा नमुना आहे. बाकीची माहिती खोक्यावर असतेच, ती परत लिहीत नाही.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते. आम्ही सांगलीत विश्रामबागेकडे राहतो. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, वळवाच्या वाऱ्यानं खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार तुटली. न्यूट्रल जाग्यावर असला की प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची (वीज आणणाऱ्या वेगळ्या तारांवरची) घरं एकमेकांत अडकतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपापसात वाटून घेतात. ज्या बाजूला लोड कमी, तिच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. आमच्याकडे त्या वेळी मशीन, पंखा, टीव्ही आणि दोन बल्ब एवढंच चालू होतं. पंखा एकदम जोरात फिरायला लागला, बल्ब पांढरेफटक झाले आणि मशीनच्या टेबलाखालून फट्‌ असा आवाज आला. त्याच वेळी समोरच्या घरात ट्यूब पेटत नव्हती.

गेलं काय? हायस्पीड मशीनच्या सर्व्हो मोटरचा कंट्रोल बॉक्स, सेट टॉप बॉक्स, दोन्ही बल्ब आणि स्पाइक गार्ड. फ्रीज वाचला, कारण त्याच्या स्टॅबिलायझरमध्ये हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की पुरवठा तोडायची सोय, होती. पिको-फॉलचं मशीन वाचलं, कारण त्याचा प्लग काढलेला होता. सासूबाईंचं काळं मशीन पायाचं, त्याला कशाचंच भय नाही.

एमसीबी पडला नाही, आणि पडणारही नव्हता. तो करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. हे माहीत नसलेले लोक अजूनही ‘आमच्याकडे चांगल्या कंपनीचे एमसीबी आहेत’ म्हणून निवांत असतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

स्पाइक गार्डचं काय झालं ते नीट बघितलं. मागून प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि उग्र वास येत होता. इलेक्ट्रिशियननं तो माझ्यासमोर उघडला. आत नाण्यासारखी एक गोल चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. त्यावर बहुतेक ४७१ असा आकडा असतो, म्हणजे साधारण ४७० व्होल्टला ती वाहायला लागते. वीज पडल्यावर किंवा मोठी मोटर बंद झाल्यावर सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता जो झटका येतो, तो गिळायला ही चकती बनवलेली आहे. एसीचे तीनशेच्या वरचे व्होल्ट मिनिटभर टिकले तर ती तापते आणि जळते. आमची जळून दोन तुकडे झाली होती. त्या चकतीची ताकद प्रत्येक झटक्यागणिक थोडी थोडी कमी होते, पण बरेचसे स्पाइक गार्ड ती मेल्यावरही करंट पुढे देत राहतात. लाल दिवा लागतो, आपण समजतो संरक्षण चालू आहे. तो दिवा फक्त करंट असल्याचं सांगतो. घेताना ‘प्रोटेक्टेड’ असं वेगळं सांगणारा दिवा असेल तरच घ्या.

आता सर्व्हिसचं. मशीन वॉरंटीत होतं. कंपनीचा माणूस आला, बॉक्स न उघडता वास घेतला आणि म्हणाला, ‘व्होल्टेजमुळं गेलंय ताई, हे वॉरंटीत बसत नाही.’ कार्ड काढून वाचलं, बारीक अक्षरात खरंच तसं होतं. तिथवर मान्य. पण पुढं त्यानं मोटर आणि बॉक्स दोन्ही बदलायचे म्हणून ५,८०० रुपये सांगितले, आणि मोटर तर हातानं मोकळी फिरत होती! मी म्हटलं, बॉक्स तेवढा उघडून दाखवा. तर म्हणे आम्ही बोर्ड दुरुस्त करत नाही, बदलतो. व्हिजिटचे ३५० रुपये घेऊन गेला, पावती मागितल्यावर दिली. लग्नाच्या ऑर्डरी अंगावर असताना असं बोलणं ऐकून घेणं किती जड जातं ते शिलाईवाल्यांनाच कळेल.

बॉक्स मी मिरजेतल्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी झाकण काढलं आणि मला बोलावून दाखवलं. मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगून फुटलं होतं, आतला कागद बाहेर आला होता. त्यांनी सांगितलं ते असं: २३० व्होल्ट एसी आत जाऊन डीसी झाले की ३२५ होतात, म्हणून ४०० किंवा ४५० व्होल्टचा कपॅसिटर घालतात. बाहेरून ३८० आले तर आत पाचशेच्या वर जातात, कपॅसिटर फुटणारच. कपॅसिटर, ब्रिज रेक्टिफायर, फ्यूज आणि एक एमओव्ही एवढं बदलून ८५० रुपयांत बॉक्स चालू झाला. आजही त्याच बॉक्सवर शिवते.

प्रोटेक्टर ऑनलाइन ११५० ला मिळाला, बसवायचे २०० दिले. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० लावली. दोन्हीच्या बाहेर गेलं की आतला रिले (आपोआप चालणारा स्विच) घराचा पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज ताळ्यावर आलं की ठरवलेल्या सेकंदांनी परत जोडतो.

आणि इथं माझं डोकं फिरलं. तो ‘ठरवलेल्या सेकंदांचा’ वेळ! कंपनीतून तो १८० सेकंदांवर लावलेला आला. क्षणभर लाईट गेली की तीन मिनिटं घर बंद. बाहेर सगळ्या गल्लीत उजेड, आपण आकडे उलटे मोजत बसायचं. १७९, १७८, १७७. सुई कापडात, पायपिंग अर्धवट, गिऱ्हाईक दारात उभं, ‘ताई, सगळीकडं आहे की लाईट!’ जूनमध्ये संध्याकाळी पाण्याच्या मोटरी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज खाली यायचं आणि हे साहेब परत बंद. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी एक तारा दिला असता. माहितीपत्रकात वेळ कसा बदलायचा ते इतक्या बारीक इंग्रजीत लिहिलंय की फोननं फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. शेवटी वेळ ३० सेकंदांवर आणला. तसा महिनाभर सुखात वापरला.

मत बदललं ते जुलैत. रात्री धो धो पाऊस, आणि लाईट यायची, पाच सेकंदांत जायची, परत यायची. फीडर (सबस्टेशनहून येणारी मोठी लाईन) वर कुठंतरी ट्रिप होत असताना ते मधून मधून लावून बघतात, तसला प्रकार. ३० सेकंदांच्या आत परत गेली तर प्रोटेक्टरनं घराला ती दिलीच नाही, ते उत्तम. पण मध्ये एकदा चाळीसेक सेकंद टिकली, त्यानं जोडलं, फ्रीज सुरू झाला आणि लगेच परत गेली. फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला गॅसचा दाब सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी करंट दिला तर तो घुरघुर करत जाम होतो आणि गरम होतो. तो घुरघुराट मी ऐकला. त्या रात्रीनंतर वेळ १५० वर ठेवलाय आणि तिथंच राहणार. शिवताना खोळंबा होतो, अजूनही राग येतो, पण कॉम्प्रेसरची किंमत माहीत आहे. या कंपनीवाल्यांनी फ्रीजसाठी वेगळा आणि बाकी घरासाठी वेगळा वेळ देता येईल असं काही काढलं तर मी आणखी पाचशे रुपये आनंदानं देईन.

खालची मर्यादा मात्र जशी लावली तशीच बरी आहे. काहीजण २०० वर लावतात, आपल्याकडं उन्हाळ्यात तसं करू नका, दिवसभर तेच बंद-चालू होत राहील. टीव्ही, चार्जर, एलईडी यांना कमी व्होल्टेजचं फारसं काही होत नाही, पुष्कळ चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलंच असतं. कमी व्होल्टेजचा त्रास मोटरला आणि कॉम्प्रेसरला.

ज्याची अपेक्षा नव्हती असा फायदा त्या आकड्यांनी दिला. येता-जाता नजर जाते. एक दिवस लक्षात आलं की इस्त्री लावली की २२४ वरून थेट २०९ वर येतं. हजार वॅटच्या इस्त्रीनं एवढं पडायला नको. इलेक्ट्रिशियनला फोन केला. त्यानं मीटरजवळचा कटआउट (फ्यूजचा डबा) उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू सैल, तारेचं टोक काळं पडलेलं आणि रबर वितळून चिकटलेलं. म्हणजे पुढचा तुटका न्यूट्रल आमच्या घरातच तयार होत होता. तार कापून नवीन टोक लावलं. आता इस्त्रीला तीन-चार व्होल्टच पडतात. हे एक काम त्या ११५० मध्ये धरलं तर पैसे तिथंच फिटले.

अर्थिंगबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून सांगते. आमचं घर जुनं. थ्री-पिन सॉकेट सगळीकडं, पण अर्थ नावालाच. इलेक्ट्रिशियननं फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघितला तर तो मिणमिणला. म्हणाला, ‘वहिनी, तिसरी पिन नुसती शोभेची हाय.’ मशीनच्या लोखंडी अंगाला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याचं कारण हे. मागच्या बाजूला खड्डा काढून जीआय पाइप, कोळसा आणि मीठ घालून नवीन अर्थिंग केलं, ३,००० च्या घरात खर्च आला. आपली काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगला फार चांगली, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाइपपासून सुटते. म्हणून मार्च ते मे त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं. धुण्याचं पाणी चालतं, वेगळं लागत नाही.

अर्थिंग झाल्यावरच आभाळातल्या विजेसाठीचा एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) घेतला, टाइप २ चा, २,२०० रुपयांना. प्रोटेक्टरचा रिले सेकंदाच्या हिशेबात चालतो, विजेचा झटका त्याच्या कितीतरी आधी येऊन जातो, तिथं एसपीडीच लागतो. पण एसपीडी तो झटका अर्थमध्ये ढकलतो, अर्थच नसेल तर ढकलणार कुठं? तारासुद्धा आखूड हव्यात, सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आमच्याकडं पहिल्यांदा बोर्डात वेटोळं करून ठेवली होती, ती मी कापायला लावली. एसपीडीला छोटी खिडकी आहे, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की आतला भाग बदलायचा.

तरीही घरावर किंवा जवळच्या खांबावर वीज पडली तर यातलं काहीही पुरेल असं मी म्हणणार नाही. ढग भरून आले की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, मशीनचा प्लग काढते. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. डिशची वायर आणि इंटरनेटची वायरही काढायची, त्यातूनही झटका येतो आणि ती कुठल्याच बोर्डातून जात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर आहे, आसपास वीज पडत असली की कळवतं. दुपारी शिवत असले की ते चालू ठेवते.

तक्रार म्हणून आणखी एकच: प्रोटेक्टरचे स्क्रू. हायस्पीड मशीनच्या थरथरीनं की उष्णतेनं कोण जाणे, दिवाळीआधी बघितलं तर दोन स्क्रू पाऊण फेरा फिरले. मेन बंद करून सहा महिन्यांतून एकदा आवळून घ्यायला हवेत, आणि ज्याला ते काम येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

हे सगळं ऐकून तासगावच्या नणंदबाईंनी मलाही असाच मागवून दे म्हणून फोन केला. घरासाठी मागवून दिला. त्यांच्या पिठाच्या गिरणीला मात्र नको म्हटलं, कारण ती तीन फेजवर चालते आणि एक फेज गेला तर हा सिंगल फेजचा प्रोटेक्टर मोटर वाचवू शकत नाही. तिला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लागतो, तो स्टार्टरशेजारी बसतो. पुढच्या आठवड्यात आमचाच इलेक्ट्रिशियन तिकडं जाणार आहे, गिरणीचं अर्थिंगही त्याच फेरीत बघायला सांगितलंय.